मुख्य रेंजर : राष्ट्रीय उद्यानातील कायद्याचा राखणदार

‘उद्यान’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गावातील बाग उभी राहते. कडेने मेंदीचे कुंपण, मधोमध कारंजे, चार बाके, ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी, आणि ती पाटी वाचूनही फुलाकडे हात नेणाऱ्या मुलावर ओरडणारा एक म्हातारा रखवालदार. त्याच्या हाती फार तर एक काठी असते आणि त्याचा अधिकार बागेच्या फाटकापाशी संपतो. परंतु ज्या उद्यानाचे क्षेत्रफळ सबंध गोव्याच्या दुपटीहून अधिक आहे, ज्यात अस्वले व लांडगे मोकळे हिंडतात, जेथे जमिनीतून उकळते पाणी उसळते, आणि जेथे अलीकडे बहुतेक वर्षी चाळीस लाखांहून अधिक माणसे येतात, तेथील रखवालदार कसा असेल? तेथील पाटी न मानणाऱ्याला अडवतो कोण, आणि अडवण्याचा अधिकार त्याला मिळाला कोठून?

हे उद्यान म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याती आहे. त्याचा विस्तार सुमारे ३,४७२ चौरस मैल, म्हणजे जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर असून तो वायोमिंग, माँटाना व आयडाहो या तीन राज्यांत पसरलेला आहे. या उद्यानातील कायदा व सुव्यवस्था ज्याच्या शिरावर असते, त्या अधिकाऱ्याला ‘चीफ रेंजर’, म्हणजे मुख्य रेंजर म्हणतात. अमेरिकेत अशी ६३ राष्ट्रीय उद्याने आहेत. ऐतिहासिक स्थळे, स्मारके, समुद्रकिनारे वगैरे मिळून तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात चारशेहून अधिक स्थळे आहेत. त्यांपैकी मोठ्या उद्यानांतून मुख्य रेंजरचे पद असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते रुबाबाचे वाटते. वस्तुतः ते किती नाजूक आहे, हे त्याचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही.

‘रेंजर’ हा शब्द आपल्याला परका नाही. इंग्लंडात राजाच्या शिकारीच्या रानांवर फिरती देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास हे नाव होते. इंग्रजी अमदानीत ते आपल्या वनखात्यात आले आणि येथेच रुळले. मोलेच्या रानात किंवा शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात आज ‘रेंजर’ म्हटले की वनक्षेत्रपाल कोण, हे कोणीही दाखवून देईल. तथापि आपल्या रेंजरमध्ये आणि यलोस्टोनच्या रेंजरमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे. आपला वनाधिकारी जंगलतोड व शिकार यांविरुद्ध वनकायद्याखाली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कारवाई करतो. पण त्याच रानात कोणाचा खिसा कापला गेला, मोटारीची टक्कर झाली किंवा मारामारी झाली, तर ते काम पोलीस ठाण्याचे. यलोस्टोनमध्ये असे वेगळे पोलीस ठाणे नाही. त्या भूमीवर मध्यवर्ती सरकारचाच पूर्ण अंमल आहे. म्हणून हरणाच्या शिकारीपासून मोटारीच्या टकरीपर्यंत आणि तंबूतील चोरीपासून खुनापर्यंत सर्व प्रकरणी पहिली हाक रेंजरलाच जाते. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील काही उद्यानस्थळांसाठी ‘पार्क पोलीस’ नावाचे निराळे दल आहे. परंतु डोंगरदऱ्यांतील मोठ्या उद्यानांचा भार रेंजरवरच असतो.

येथे आणखी एक खुलासा केला पाहिजे. उद्यानातील सगळेच रेंजर शस्त्रधारी नसतात. पाहुण्यांना झाडे, पक्षी व खडक यांची माहिती सांगणारा, मुलांना गोळा करून गोष्टी सांगणारा रेंजर निराळा, आणि कमरेला पिस्तूल व छातीवर बिल्ला लावणारा, कायद्याची अंमलबजावणी करणारा रेंजर निराळा. दोघांच्याही डोक्यावर रुंद काठाची तीच चपटी टोपी असते. त्यामुळे दंडाची पावती फाडणाऱ्या अधिकाऱ्यालाही लोक ‘येथून अस्वल कोठे दिसेल?’ असे निःशंकपणे विचारतात. या टोपीविषयी लोकांना जो विश्वास वाटतो, तो टिकवून ठेवणे हेही मुख्य रेंजरच्या कामाचेच एक अंग आहे.

आता इतिहासाकडे वळू. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी यलोस्टोनच्या कायद्यावर सही केली. हा प्रदेश लोकांच्या आनंदासाठी कायम राखून ठेवावा आणि तेथील नैसर्गिक चमत्कारांची नासधूस होऊ देऊ नये, असे त्या कायद्याने ठरविले. हेतू उदात्त होता, परंतु कायद्यात एक मोठी उणीव राहिली. नासधूस करणाऱ्याला शिक्षा काय, हेच त्यात सांगितले नव्हते. पहिले अधीक्षक नाथानिएल लँगफर्ड यांना पगार नव्हता आणि हाताखाली माणसेही नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. शिकाऱ्यांनी कातड्यांसाठी जनावरांचे कळप कापले आणि प्रवाशांनी कारंज्यांभोवतीचे शतकानुशतके साचलेले दगडी थर कुऱ्हाडीने फोडून आठवण म्हणून घरी नेले.

१८८० साली हॅरी याउंट नावाच्या एका कसलेल्या शिकाऱ्याची तेथे वन्यप्राण्यांचा राखणदार म्हणून नेमणूक झाली. एकट्याने एक कडक हिवाळा त्या रानात काढल्यानंतर त्याने अहवाल लिहिला आणि १८८१ मध्ये राजीनामा दिला. त्याच्या सांगण्याचा आशय असा होता की, एवढ्या मोठ्या प्रदेशाचे रक्षण एका माणसाकडून होणे नाही. त्यासाठी लहानसेच पण भरवशाचे पोलीस दल हवे. राष्ट्रीय उद्यानांच्या रेंजरांमध्ये त्याला आज आद्यपुरुषाचा मान दिला जातो. नोकरी सोडताना खरे तेच लिहून ठेवणाऱ्या माणसाला असा मान मिळावा, हे उचितच होय.

त्याची सूचना अमलात यायला बरीच वर्षे लागली. मध्यंतरी १८८६ च्या ऑगस्टमध्ये उद्यान लष्कराच्या ताब्यात देण्यात आले. घोडेस्वार शिपाई पहाऱ्यावर उभे राहिले, पण शिक्षेचे कलम नसल्यामुळे त्यांचेही हात बांधलेलेच होते. गुन्हेगाराला पकडावे, त्याचे सामान जप्त करावे आणि त्याला उद्यानाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडावे, यापलीकडे त्यांना काही करता येत नसे. १८९४ च्या मार्चमध्ये एडगर हॉवेल नावाचा एक चोरटा शिकारी बर्फात बायसन मारताना पकडला गेला. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद. त्या देशात एके काळी त्याचे कोट्यवधींचे कळप होते आणि त्या वेळी जंगलात मोजकेच प्राणी उरले होते. हॉवेललाही कायद्याने शिक्षा करता येईना. योगायोगाने एका नियतकालिकाचा बातमीदार त्याच सुमारास उद्यानात होता. त्याने ती हकिकत देशभर पोहोचविली, लोकमत खवळले, आणि दोन महिन्यांच्या आत, ७ मे १८९४ रोजी, उद्यानातील शिकारीला दंड व तुरुंगवास ठरविणारा कायदा मंजूर झाला. उद्यानातच एक न्यायाधिकारी बसविण्याची तरतूदही त्यात होती. यलोस्टोनमधील मॅमथ हॉट स्प्रिंग्ज या ठिकाणी आजही न्यायालय भरते, त्याचे मूळ या कायद्यात आहे. १९०२ च्या सुमारास उद्यानातील रानटी बायसनांची संख्या अवघी दोन डझनांच्या आसपास उरली होती. आज ती हजारांत मोजली जाते. शिक्षेचे एक कलम वेळेवर आले नसते, तर हा आकडा शून्य झाला असता.

२५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान सेवेची स्थापना झाली आणि १९१८ मध्ये लष्कराने यलोस्टोन सोडले. त्याची जागा रेंजरांनी घेतली. त्यांत पूर्वीचे काही शिपाईही होते. त्याच साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात क्लेअर मेरी हॉजेस या शिक्षिकेची रेंजर म्हणून नेमणूक झाली. महायुद्धामुळे पुरुषांची वाण पडली होती, म्हणून ही संधी तिला मिळाली. ती घोड्यावरून गस्त घालीत असे. उद्यान सेवेतील पहिली स्त्री रेंजर म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिच्यानंतर स्त्रियांना या कामाची दारे पूर्ण उघडायला मात्र कित्येक दशके लागली.

कायदा झाला, शिक्षा ठरली, रेंजर आले. तेव्हा प्रश्न सुटला असे वाटेल. पण कागदावरचा कायदा आणि जमिनीवरचा कायदा यांत किती अंतर असू शकते, याचे एक बोलके उदाहरण यलोस्टोनच्या अस्वलांनी घालून दिले. अस्वलांना हाताने खाऊ घालण्यास १९०२ पासून तेथे बंदी होती. तरीही पुढची सहा-सात दशके मोटारींच्या रांगा रस्त्यावर थांबत, अस्वले खिडकीत तोंड घालीत, आणि लोक त्यांना पाव व बिस्किटे भरवीत. उपाहारगृहांचे खरकटे जेथे टाकले जाई, तेथे तर अस्वले पाहण्यासाठी बाके मांडलेली असत. पाहुणे खूश होते. म्हणून अधिकारीही काणाडोळा करीत. १९३१ ते १९६९ या काळात दर वर्षी सरासरी सुमारे ४८ माणसे अस्वलांच्या हल्ल्यात जखमी झाली. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल धोकादायक ठरले की शेवटी त्यालाच गोळी घालावी लागे. १९७० पासून धोरण बदलले. खरकट्याचे ढीग बंद झाले, कचऱ्याच्या पेट्या अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा केल्या गेल्या, आणि जुनाच कायदा प्रथमच कसोशीने लागू झाला. त्यानंतर जखमींची संख्या वर्षाला सरासरी एकाच्या आसपास उतरली. कायदा तोच होता. फरक पडला तो, तो मनापासून लागू करणाऱ्या माणसांमुळे.

परंतु याच्या उलट बाजूची चूकही रेंजरांकडून घडली आहे आणि तिची नोंद ठेवणे न्यायाचे होईल. त्याच १९७० साली, ४ जुलै या त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, योसेमिटीतील स्टोनमन नावाच्या कुरणात शेकडो तरुण जमले होते. संध्याकाळी कुरण रिकामे करण्याचा हुकूम झाला आणि तो न मानणाऱ्यांवर रेंजर घोडे घेऊन चालून गेले. त्या वेळच्या रेंजरांना जमाव हाताळण्याचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. दगड व बाटल्या फेकल्या गेल्या, रेंजरांना मागे हटावे लागले, बाहेरून पोलीस बोलवावे लागले, आणि शंभराहून अधिक जणांना अटक झाली. ज्या टोपीकडे पाहून मुले हसत पुढे येत, तिच्याकडे पाहून त्या रात्री दगड आले. या घटनेने उद्यान सेवा हादरली. प्रशिक्षणाशिवाय दिलेला अधिकार दोन्ही पक्षांना घातक असतो, हे तिला कळून चुकले. पुढे रेंजरांच्या शिक्षणाची घडी बसविण्यात आली, आणि १९७६ च्या कायद्याने त्यांचे शस्त्र बाळगण्याचे व अटक करण्याचे अधिकार स्पष्ट शब्दांत सांगितले गेले.

मुख्य रेंजरचे सारे काम या दोन धड्यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालते. ढिलाई केली तर उद्यान जाते. दांडगाई केली तर लोकांचा विश्वास जातो.

हे पद कसे मिळते? कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या रेंजरला जॉर्जिया राज्यातील ग्लिंको येथे, मध्यवर्ती सरकारच्या प्रशिक्षण केंद्रात कित्येक आठवडे शिक्षण घ्यावे लागते. कायदा, पुरावा, झडती व अटक यांचे नियम, वाहन चालविणे, शस्त्र चालविणे आणि मुख्य म्हणजे शस्त्र केव्हा चालवू नये, हे तेथे शिकवितात. त्यानंतर एखाद्या उद्यानात अनुभवी रेंजरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. कित्येक जण आधी हंगामी नोकरी करतात. उन्हाळ्यात एका उद्यानात, हिवाळ्यात दुसऱ्या. मग कायम नेमणूक, मग एखाद्या विभागाची जबाबदारी, आणि अशा पायऱ्या चढत गेल्यावर काही थोड्यांना मुख्य रेंजरची खुर्ची मिळते. उद्यानाचा सर्वोच्च अधिकारी अधीक्षक असतो. मुख्य रेंजर त्याच्या हाताखाली संरक्षण शाखेचा प्रमुख म्हणून काम पाहतो. मध्यवर्ती सरकारच्या नियमाप्रमाणे अशा शस्त्रधारी अधिकाऱ्यांना साधारणपणे ५७ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. म्हणजे अनुभव पिकतो न पिकतो तोच घरी जाण्याची वेळ येते.

त्याच्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगायचे तर ते तिहेरी आहे. भूमीला माणसापासून वाचवायचे, माणसाला भूमीपासून वाचवायचे, आणि माणसाला माणसापासून वाचवायचे.

पहिल्या प्रकारात शिकार, झाडे व जीवाश्म यांची चोरी, खडकांवर नावे कोरणे, झऱ्यांत नाणी टाकणे असले गुन्हे येतात. नाणे टाकण्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. यलोस्टोनमध्ये ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचा एक निळाशार उष्ण झरा आहे. लोकांनी वर्षानुवर्षे टाकलेल्या नाण्यांनी व कचऱ्याने त्याच्या तळाची वाट तुंबली, पाण्याची उष्णता घटली आणि कडेने पिवळानारिंगी रंग चढत आला. कोणा एकानेही तो झरा बिघडविण्याचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या प्रकारात शोध व सुटका ही कामे येतात. डोंगरात वाट चुकलेला, कड्यावरून घसरलेला, नदीत वाहून चाललेला माणूस शोधून आणण्याचे काम पिस्तूलधारी रेंजरच करतो. त्यांतील पुष्कळांना प्रथमोपचाराच्या पुढचे वैद्यकीय शिक्षण दिलेले असते. कोकणात ज्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात तसे गरम पाण्याचे झरे यलोस्टोनमध्ये हजारोंनी आहेत. पण त्यांतील कित्येकांचे पाणी उकळते असते आणि काही ठिकाणी ते आम्लयुक्तही असते. भोवतालची जमीन वरून टणक दिसते, आतून पापडासारखी पातळ असते. म्हणून लाकडी फळ्यांची पायवाट सोडण्यास मनाई आहे. २०१६ च्या जूनमध्ये नॉरिस येथे एक तरुण ती पायवाट सोडून पुढे गेला आणि झऱ्यात पडला. त्याचे शवही हाती लागले नाही. अशा झऱ्यांत भाजून आजवर वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. ‘पायवाट सोडू नये’ ही पाटी ‘फुले तोडू नयेत’ या पाटीसारखीच दिसते. पण तिच्यामागे एवढी मोठी स्मशानाची वही आहे.

तिसऱ्या प्रकारची कामे कोणत्याही शहराच्या पोलिसाची आहेत. मद्य पिऊन गाडी हाकणारे, तंबूंतून चोऱ्या करणारे, बायकोवर हात उगारणारे लोक रानात येताना आपला स्वभाव घरी ठेवून येत नाहीत.

आता उन्हाळ्यातील एखादा दिवस कसा जातो, ते पाहू. सकाळी मुख्य रेंजरच्या टेबलावर रात्रीच्या घडामोडींचा गोषवारा येतो. अमक्या रस्त्यावर दोन गाड्यांची टक्कर झाली. अमक्या तळावर अस्वलाने अन्नाची पेटी फोडली. एक वृद्ध गृहस्थ काल संध्याकाळपासून परतले नाहीत. माणसे मोजकी आणि प्रदेश अफाट. शोधासाठी दहा जण पाठविले तर रस्त्यावर कोण उरेल, हा हिशेब त्यालाच करावा लागतो. दुपारी रस्त्यालगत अस्वल दिसल्याची बातमी पसरते आणि दोन्ही बाजूंना मोटारींची रांग लागते. याला तेथे ‘बेअर जॅम’ म्हणतात. अस्वल व लांडगे यांच्यापासून १०० यार्ड आणि बायसन, एल्क इत्यादी प्राण्यांपासून २५ यार्ड दूर राहावे, असा नियम आहे. पण हाती कॅमेरा असलेल्या माणसाला अंतराचे भान राहत नाही. उरलेला दिवस हाताखालच्या रेंजरांनी लिहिलेले अहवाल वाचण्यात, न्यायालयात जाणाऱ्या प्रकरणांचे कागद तपासण्यात आणि पुराव्याच्या खोलीची नोंद पाहण्यात जातो. पुष्कळ वर्षे डोंगरात हिंडल्यावर मिळालेल्या या पदाचा मोठा भाग कचेरीतच सरतो, हा या नोकरीतला एक विरोधाभास होय.

परंतु त्याचे सर्वांत कठीण काम कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. नियम मोडणाऱ्यास ताकीद द्यावी, दंड करावा की बेड्या घालाव्यात, हे रस्त्यावरचा रेंजर क्षणात ठरवतो. आणि तो निर्णय शहाणपणाचा व्हावा, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असे होऊ नये, ही जबाबदारी मुख्य रेंजरची असते. उद्यानाच्या बहुतेक नियमभंगांना ५,००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद प्रत्येक वेळी सर्वस्वी वापरायची नसते. लहान मुलाने खडा उचलला, तर त्याला तो होता तेथे ठेवायला लावणे आणि का, ते सांगणे पुरते. पोतेभर जीवाश्म गाडीत भरणाऱ्याला ते पुरत नाही.

केवळ चांगुलपणाच्या पोटी घडणारे गुन्हे तर अधिकच पेचात टाकतात. २०१६ च्या मे महिन्यात यलोस्टोनमध्ये काही पाहुण्यांना बायसनचे एक नवजात वासरू दिसले. ते थंडीने गारठले असेल, अशा समजुतीने त्यांनी ते मोटारीत घालून रेंजरच्या चौकीवर आणले. रेंजरांनी त्याला पुन्हा कळपात सोडण्याचा अनेकदा प्रयत्न केला. कळपाने त्याला स्वीकारले नाही. ते रस्त्यावर येऊन माणसांच्या व गाड्यांच्या मागे धावू लागले, आणि शेवटी त्याला मारावे लागले. नेणाऱ्यावर खटला झाला. त्या माणसाच्या मनात दया होती, यात शंका नाही. पण त्या दयेने वासराचा जीव घेतला. अशा प्रसंगी दंडाची पावती फाडताना रेंजरला समाधान वाटत असेल, असे नाही. तरीही ती फाडावी लागते. कारण ती पावती वासराला परत आणीत नसली, तरी पुढच्या पाहुण्याचा हात अडवते.

या नोकरीत जीवाचा धोकाही आहे. १ जानेवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर उद्यानात, बर्फाच्या रस्त्यासाठी गाडीजवळ साखळ्या आहेत की नाहीत, हे तपासणाऱ्या चौकीवर न थांबता एक मोटार वर निघाली. वरच्या पॅरडाइज या ठिकाणी नववर्षाच्या सुटीसाठी आलेली पुष्कळ माणसे, मुलेबाळे होती. मार्गरेट अँडरसन या ३४ वर्षांच्या रेंजरने आपली गाडी रस्त्यात आडवी घालून त्या मोटारीची वाट रोखली. मोटारीतील माणसाजवळ बंदुका होत्या. त्याने गोळ्या झाडल्या आणि ती जागीच बळी पडली. वर असलेल्या लोकांपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. तिचा पती त्याच उद्यानात रेंजर होता, आणि घरी दोन लहान मुली होत्या. यलोस्टोनमध्येही ४ जुलै २०२४ रोजी कॅनिअन व्हिलेज येथे एक बंदूकधारी सुमारे दोनशे माणसे असलेल्या इमारतीकडे गोळ्या झाडीत निघाला असता रेंजरांनी त्याला वाटेतच ठार केले. त्या चकमकीत एक रेंजर जखमी झाला. सकाळी मुलांना अस्वलाची पावले दाखविणाऱ्या माणसालाच दुपारी असे उभे राहावे लागते. या दोन्हींसाठी माणसे तयार ठेवणे, आणि एखादा परत आला नाही तर त्याच्या घरचे दार ठोठावणे, हेही वरिष्ठाच्याच वाट्याला येते.

इतके करूनही प्रत्येक झाडामागे रेंजर उभा करता येत नाही. ॲरिझोना राज्यातील ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ या उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेले ओंडके पसरले आहेत. त्यांचे रंगीबेरंगी तुकडे प्रवासी चोरून नेतात. पण त्यांतील कित्येक जण पुढे केव्हातरी ते टपालाने परत पाठवितात, सोबत क्षमेची चिठ्ठीही असते. हे तुकडे मूळच्या जागी ठेवता येत नाहीत, कारण ती जागा कोणती, हे आता कोणालाच ठाऊक नसते. चुकीच्या जागी ठेवले तर शास्त्रज्ञांची दिशाभूल होईल. म्हणून त्यांचा एका रस्त्याकडेला ढीग केला आहे. त्याला तेथे ‘सदसद्विवेकाचा ढीग’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. पश्चात्ताप झाला, क्षमाही मिळाली असेल. परंतु झालेली हानी भरून आली नाही. जे एकदा उचलले ते पूर्ववत होत नाही, हे त्या ढिगाएवढे स्पष्टपणे दुसरे काही सांगत नसेल.

म्हणूनच मुख्य रेंजरच्या कामाचे माप त्याने किती अटका केल्या, यावर काढता येत नाही. जे झरे तुंबले नाहीत, जी वासरे कळपातच राहिली, जी मुले पायवाटेवरून सुखरूप घरी गेली, त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नसते. हॅरी याउंटने ‘एका माणसाचे हे काम नव्हे’ अशा अर्थाचे जे लिहिले, ते आजही खरे आहे. दलाला पाठबळ देणारे लोक नसतील, तर दल मोठे असूनही थिटेच पडेल.

हा धडा सातासमुद्रांपलीकडचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही. घाटात मोटार थांबवून माकडांना शेंगदाणे व केळी टाकणारी माणसे आपण नेहमी पाहतो. त्यामागची भावना यलोस्टोनच्या रस्त्यावर अस्वलाला पाव भरवणाऱ्यांचीच असते, आणि पुढे त्या माकडांनी मुलाच्या हातातला डबा हिसकावला की दोष माकडांच्या माथी मारला जातो. तेथे बंदी कागदावरून रस्त्यावर उतरायला सुमारे अडुसष्ट वर्षे लागली, आणि तेवढा काळ माणसांनी व अस्वलांनी त्याची किंमत मोजली. पुढच्या वेळी एखाद्या अभयारण्याच्या फाटकावर वनरक्षकाने गाडी थांबवून पिशवी तपासली, किंवा ‘प्राण्यांना खाद्य देऊ नये’ ही पाटी बोटाने दाखविली, तर त्याच्याशी हुज्जत घालण्यापूर्वी या गोष्टी आठवाव्यात. तो माणूस एकटा आहे आणि त्याचे रान फार मोठे आहे.